बंबाचं झाकण

आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नात मी कोपऱ्यातली खुर्ची गाठून बसले, की कुणीतरी कुणाला तरी हलकेच सांगतं, "ती बघ, दसऱ्याला ओवाळणीचा दिवा विझवला होता तीच." सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो, पण मला ऐकू येऊ नये इतका कधी येत नाही. मी ऐकते आणि पानसुपारीच्या तबकाकडे बघत बसते. ते खरं आहे. दिवा मीच विझवला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, सांगणारे बदलले, मी मात्र तीच आहे. का विझवला हे अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच लिहिते आहे.

घोलवडला आमची चिकूची वाडी होती. बाबा वाडी सांभाळायचे. बाकीचं सगळं त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, बघायचा: जंगलातलं लाकूड, वेवजीकडून येणारा कोळसा, स्टेशनवर जाणाऱ्या चिकूच्या करंड्या. त्यासाठी त्याने लष्कराच्या मोडीतली एक लॉरी घेतली होती. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा अशा पुष्कळ गाड्या कोळशावर चालत. लढाई संपली, पेट्रोल पुन्हा मिळू लागलं, आणि लोकांनी ती लोखंडी लचांडं उतरवून भंगारात घातली. काकाने घातली नाहीत. मागे कोळशाची पोती भरलेली असताना पुढे पेट्रोल कशाला जाळायचं, असं तो म्हणायचा.

ड्रायव्हरच्या पाठीमागे, डाव्या अंगाला, माणसाहून उंच असं एक लोखंडी पिंप उभं केलेलं होतं. आम्ही त्याला बंब म्हणायचो. न्हाणीघरातल्या बंबासारखंच ते दिसायचं, फक्त काळं आणि चौपट मोठं. वरचं झाकण उघडून कोळसा ओतायचा, तळाशी विस्तव असायचा. त्या विस्तवातून निघालेला गॅस लांबलचक नळीतून थंड होत, काथ्या भरलेल्या डब्यातून गाळला जात इंजिनात पोचायचा. म्हणजे जे जाळायचं ते ही गाडी चालता चालता स्वतःच तयार करायची. मला ते फार आवडायचं. बाकीच्यांना ती नुसती काळं करणारी गाडी होती.

ती चालवणारा ड्रायव्हर झाईचा. त्याचे बाप-भाऊ होडीवर मासे मारायला जात, हा एकटाच लढाईत लष्करी गाड्या चालवून परत आला होता. होडीवरच्या प्रमुखाला तिकडे तांडेल म्हणतात. हा लॉरी होडीसारखी डुलवत आणतो म्हणून काकाने त्याला तांडेल म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळेच म्हणू लागले. तो मला 'बाय' म्हणायचा.

मी त्या वर्षी शाळा संपवून घरी आले होते. आठ वर्षं सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये काढली होती. माझं मराठी घरच्यांना पुस्तकी वाटायचं आणि इंग्रजी शिष्टपणाचं, म्हणून मी दोन्ही कमी बोलायचे. न बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ मिळतो.

त्या घरात माझं एकाच माणसाशी जमलं, ते काकूशी. काकाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि काकू माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठी होती. इतके दिवस परक्या ठिकाणी राहून आलेल्या मुलीशी काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. तिने बोलण्याचा प्रयत्नच केला नाही. दुपारी पडवीत चिकूचा ढीग ओतायची, एक फडकं माझ्याकडे टाकायची आणि आम्ही दोघी चिकूवरची तपकिरी भुकटी पुसत बसायचो. तासाभराने म्हणायची, "तुझा ढीग बघ आणि माझा बघ." एवढंच. ते मला पुरायचं.

भाद्रपद सरत आला, रस्ते वाळू लागले, आणि लॉरी पुन्हा बाहेर निघाली. पहिल्याच फेरीला ती वेवजीहून येताना ओहोळापुढच्या चढावर थांबली. दुसऱ्या फेरीलाही तेच. पोती उतरवायची, रिकामी गाडी वर न्यायची, पोती पुन्हा चढवायची. काका घरी आला तो धुमसतच. ड्रायव्हरच्या बैठकीखालच्या पेटीतून त्याने एक तेलकट इंग्रजी पुस्तिका काढून आणली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"घे. एवढी वर्षं इंग्रजीत घालवलीस. चढावर गाडी का मरते ते सांग."

मी पानं चाळली. मधल्या एका पानावर चित्र होतं: बंबाच्या अंगाला एक छोटी पाण्याची टाकी, तिला तोटी, तोटीतून थेंब थेंब विस्तवावर. आमच्या बंबालाही ती टाकी होती. तिच्यातल्या पाण्याने तांडेल हात धुवायचा.

"ही टाकी हात धुवायची नाही," मी म्हणाले. "निखाऱ्यावर पाण्याचे थेंब पडले की वाफ होते आणि वाफेतून हायड्रोजन सुटतो. त्याने गॅसला जोर येतो. चढ असेल तर तोटी थोडी जास्त उघडायची."

"म्हणजे पाण्यावर गाडी चालते?"

"पाण्यावर नाही. पाण्यातला जो..."

"कळलं, कळलं. तोटी उघडायची."

मी पान उलटलं. पुढच्या पानाला चारी बाजूंनी जाड काळी चौकट होती. "काका, पुढे अजून आहे. झाकणाबद्दल..."

"पुढचं राहू दे. मला चढ पाहिजे होता, तो मिळाला."

मी पुस्तक मिटलं. ऐकणारा उठला होता, आणि उठलेल्या माणसाला थांबवून वाचून दाखवण्याइतकी मी धीट नव्हते. त्या मिटलेल्या पुस्तकाबद्दल कुणाला माझी माफी हवी असेल, तर ती मी आजही मागेन. दिव्याबद्दल नाही.

लॉरी चढ चढली. काकाने ते घोलवडच्या स्टेशनपासून झाईच्या बाजारापर्यंत सगळ्यांना सांगितलं. "आमच्या पोरीने पुस्तकातून काढलं," असंही म्हणाला, आणि मला बरं वाटलं हे मी लपवत नाही. पण चारेक दिवसांत एक नवी कटकट सुरू झाली. बंबाच्या झाकणावर पोलादाची एक वाकलेली पट्टी होती. तिच्या दाबाने झाकण बसलेलं असायचं, आत गॅसचा भडका उडाला तर ते क्षणभर उचललं जायचं आणि परत बसायचं. पूर्वी असं क्वचित व्हायचं. पाणी सुरू झाल्यापासून झाकण वाटेत तीन-तीनदा टाळी वाजवू लागलं. दर टाळीला कोळशाची भुकटी उडायची आणि करंड्यांवर, काकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसायची. काकाने गवताच्या गासड्या बांधायची तार आणवली आणि ते झाकण आवळून टाकलं. ती तार आमच्याकडे ढिगाने पडलेली असायची. कुंपण, खाट, कडीकोयंडा, जे जे हलेल ते आमच्या वाडीत त्या तारेने बांधलं जायचं.

त्यानंतर दोन दिवसांनी तांडेल सकाळी आला तो भुवयांशिवाय.

"हे काय?" काकूने चहा देताना विचारलं.

"बिडी पेटवताना गेल्या, वहिनी."

"दोन्ही?"

"मोठी बिडी होती."

सगळे हसले, तोही हसला. मी बघत होते. कपाळावरचे केस जळून कुरळे झाले होते, उजव्या बाहीची कड करपली होती. पण मिशी शाबूत होती. तोंडातली बिडी मिशी सोडून भुवयांपर्यंत जात नाही.

त्या दुपारी मी ती पुस्तिका घेऊन चिकूखाली बसले आणि काळ्या चौकटीतलं पान वाचलं. वाचता वाचता शाळेतली एक गोष्ट आठवली. सिस्टरांनी आम्हाला परीक्षानळीत जस्त आणि आम्ल घालून हायड्रोजन करून दाखवला होता. शुद्ध असेल तर तो निळसर, मुकाट्याने जळतो. त्यात हवा मिसळली आणि मग काडी दाखवली, तर फट्ट असा आवाज होतो. आम्ही सगळ्या दचकलो होतो, आणि सिस्टर म्हणाल्या होत्या की हा बोटभर नळीतला आहे, हे विसरू नका. आमच्या बंबात तो पिंपभर होता. एकटा नव्हता, सोबतीला आणखीही एक वायू होता, ज्याला वासच नसतो. बंद झाकणाखाली ते दोघे गुमान बसतात. झाकण उघडलं की हवा आत येते. मग फक्त एक ठिणगी हवी.

जेवताना मी विषय काढला. "काका, झाकणाची तार काढायला हवी. ती पट्टी मुद्दाम तशी..."

"तार काढली की भुकटी उडते."

"भुकटी उडू दे. आतला भडका..."

"ही बघा आमची मडम," काका बाबांना म्हणाला. "एक चढ चढवला, आता गाडीच घेणार आमची."

बाबा ताटातून वर न बघता म्हणाले, "काकाला कळतं, बेटा."

मी तांडेलाला गाठलं. तो चाकाखाली दगड लावत होता. "तांडेल, ती तार तुम्ही का बांधलीत?"

"शेट म्हणाले बांध, बांधली. होडीवर तांडेल सांगंल तसंच करायचं असतं, बाय."

"पण तांडेल तर तुम्ही ना?"

तो हसला. भुवया नसल्या की हसणं डोळ्यांपर्यंत पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं. "मी नावाचा," तो म्हणाला.

मग दसरा आला.

आमच्या घरात एक जुनी रीत होती. कोळशाची भट्टी थंड करून उघडायची वेळ आली, की आधी घरातल्या बाईने तिच्या तोंडाला ओवाळायचं, मूठभर गूळ-खोबरं आत टाकायचं आणि मगच कोळसा बाहेर काढायचा. लॉरी आल्यापासून काकाने ही रीत बंबाला लावली होती. दसऱ्याला बंबाचं झाकण उघडायचं, काकूने लॉरीवर चढून त्याच्या तोंडाला ओवाळायचं. आधीची दोन वर्षं हे झालं आणि कुणाला काही झालं नाही, कारण त्या दोन्ही वर्षी चिखलामुळे लॉरी दसऱ्यापर्यंत सुरूच झाली नव्हती. बंब बर्फासारखा गार होता. या वर्षी ती सकाळी नऊला वेवजीहून भरून आली, पोती उतरवली गेली आणि लगेच तिला झेंडूचे हार चढले. हार लोखंडाला टेकले तिथे फुलं कोमेजत होती.

वाडीवरची माणसं जमली होती. शेजारच्या वाडीतली गुजराती बोलणारी मावशी, तिच्या दोन सुना, आमच्याकडे चिकू उतरवायला येणारी पाड्यावरची माणसं. लॉरीच्या मागच्या भागात एक पाट ठेवला होता. काकू जरीकाठी लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या पाटावर उभी राहिली. तिच्या हातात ताट, ताटात निरांजन, बाजूला पाण्याचा तांब्या. तिचा चेहरा झाकणापासून हातभर अंतरावर होता. तांडेल आंघोळ करून धुतलेला सदरा घालून आला होता. त्याच्या हातात पक्कड होती, तार सोडायला.

मी त्याच्याजवळ गेले. "गाडी बंद करून किती वेळ झाला?"

"आत्ता तर आलो, बाय. अर्धा तास."

"आणि पाण्याची तोटी?"

तो टाकीकडे बघू लागला. "तोटी... चालूच असंल." त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला, जिथे भुवया हव्या होत्या.

"काका," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला स्वतःला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "काका, दिवा जवळ असताना झाकण उघडू नका."

"काय म्हणाली ती?"

"आत गॅस आहे. उघडलं की हवा शिरेल. दिव्याने पेट घेईल."

"मागची दोन वर्षं उघडलं. काय झालं?"

"तेव्हा बंब गार होता."

"आणि आज देव तापलाय," काका म्हणाला. लोक हसले.

बाबा माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "सणाच्या दिवशी तोंडातून वाईट काढू नये."

"तार सोड रे," काका तांडेलाला म्हणाला.

तांडेल वर चढला आणि तारेचे पीळ सोडवू लागला. कधी नव्हे इतका सावकाश. काकूने माझ्याकडे पाहिलं. तिला हायड्रोजन ठाऊक नव्हता, पण मी उगाच बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी ती खाली उतरली नाही. काका बघत होता, सगळे बघत होते, आणि ती सून होती.

मी चाकावर पाय देऊन लॉरीत चढले. असं मी आधी कधीच केलं नव्हतं. साडीचा काठ कुठेतरी अडकून फाटला. तारेचा एकच पीळ राहिला होता. मी काकूच्या बाजूचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी निरांजनावर ओतलं.

चर्र आवाज झाला. ताटातलं कुंकू पाण्याबरोबर वाहून काकूच्या लुगड्यावर उतरलं. अक्षता खाली सांडल्या. शेजारची मावशी आपल्या सुनेला म्हणाली, "सपरमा दहाडे दीवो होलवी नाख्यो." ऐन सणाला दिवा विझवून टाकला, हे ऐकून बाकीच्यांनाही आता काय वाटायला हवं ते कळलं.

"खाली उतर," काका म्हणाला.

मी उतरले नाही. पुस्तिका मी सकाळपासून कमरेला खोचून ठेवली होती. ती काढली, काळ्या चौकटीचं पान उघडलं आणि वाचायला लागले. म्हणजे इंग्रजी वाचून मराठीत सांगायला लागले. शाळेत मला पाठ केलेली कविताही चारचौघांत म्हणता यायची नाही.

"झाकणाची पट्टी कधी बांधायची नाही. आत भडका झाला तर झाकण उचललं जावं, म्हणूनच ती तशी केली आहे. ती बांधली तर पिंपच फुटेल."

"हे पुस्तक लिहिणाऱ्याला दसरा ठाऊक आहे का?" काकाने विचारलं.

"विस्तव ठाऊक आहे," मी म्हणाले. "गाडी थांबवायच्या दहा मिनिटं आधी पाण्याची तोटी बंद करायची. आपली अजून चालू आहे. गरम बंब उघडताना तोंड बाजूला ठेवायचं. जवळ काडी, दिवा, बिडी काही आणायचं नाही. बंद छपराखाली गाडी सुरू ठेवायची नाही, कारण..."

"इंग्रजीत लिहिलं की देवबी घाबरतात वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"...कारण या गॅसला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी मरतो. हे त्याच पुस्तकात आहे, ज्याच्यातून तुमचा चढ निघाला. त्याच्या पुढचं पान. तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत."

"झालं तुझं?" काकाचा आवाज आता अगदी शांत झाला होता. "आता खाली उतर, माझी माफी माग आणि दिवा परत लाव."

"दिवा लावते. खाली, तुळशीपाशी. बंब गार झाला की तुम्ही म्हणाल तिथे. माफी मागणार नाही."

"नाही?"

"नाही."

बाबांनी मान खाली घातली. काकाने काकूपुढे हात केला. "ताट दे. मीच ओवाळतो. काडी कुठेय? तांडेल, उघड झाकण."

तांडेलाने हातातल्या पकडीकडे पाहिलं. ती त्याने धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदऱ्याला तेलाचा डाग पडला.

"शेट," तो म्हणाला, "ती बिडी नव्हती."

"कुठली बिडी?"

"माझ्या भुवया. झाकण होतं. कोळसा किती उरला बघायला तार सोडली अन् वाकलो. दिवा नव्हता, काडी नव्हती, भरदुपार होती. आतलाच निखारा. जाळाची मोठी जीभ बाहेर आली. मी मागं पडलो म्हणून वाचलो."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तार तुम्ही बांधायला सांगितली होती."

काका ताटासाठी पुढे केलेला हात तसाच धरून उभा होता. पुढे काय झालं असतं मला माहीत नाही. काकाला माघार घेता येत नसे, तो त्याचा स्वभावच होता, आणि इतक्या लोकांसमोर तर नाहीच. तेवढ्यात काकू बोलली. ती कुणाची बाजू घेऊन बोलली नाही. ओलं लुगडं दोन बोटांनी अंगापासून दूर धरत ती म्हणाली, "मी हे बदलून येते. ओल्याने ओवाळत नाहीत. तोवर बंब गार होईल." आणि ताट घेऊन तांडेलाच्या खांद्याचा आधार घेत खाली उतरली. ताट गेलं म्हटल्यावर काकाला करण्यासारखं काही उरलं नाही. तो चपला पायात सरकवून वाडीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

लोक पांगले. मी शेवटी उतरले. चाकावर पाय ठेवताना तांडेलाने हात दिला. मग तो वर गेला, तोटी बंद केली, टाकीत उरलेलं पाणी ओतून दिलं. तार सोडली. ती गुंडाळून ठेवली नाही, पकडीने बोटाबोटाएवढे तुकडे केले. मी विचारलं, "एवढे बारीक कशाला?"

"परत बांधायला नको," तो म्हणाला.

दुपारी चारच्या सुमारास बंब गार झाला. तांडेलाने तोंड फिरवून, लांब बांबूने झाकण उचललं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग काकूने दिवा लावला, पाटावर चढली, ओवाळलं, गूळ-खोबरं टाकलं. तिथे आम्ही तिघंच होतो, काकू, तांडेल आणि मी. काका आला नाही.

संध्याकाळी त्याने आपट्याची पानं सगळ्यांना वाटली. बाबांना, काकूला, तांडेलाला, पाड्यावरून आलेल्या प्रत्येकाला. माझ्यापुढून तो पानांची जुडी घेऊन गेला. पुढच्या दसऱ्यालाही, त्याच्या पुढच्यालाही. तो माझ्याशी बोलू लागला तो कामापुरता, "पाणी आण", "दार लाव" इतकंच. लॉरी आणखी दोन वर्षं कोळशावर चालली, मग त्याने बंब उतरवला. त्या दोन वर्षांत झाकणाला पुन्हा तार लागली नाही. भरलेली गाडी स्टेशनकडे जाताना झाकण टाळी वाजवायचं ते मला पडवीत ऐकू यायचं. काकाच्या सदऱ्यावर भुकटी बसायची. तो ती झटकून कामाला लागायचा.

नात्यातले लोक म्हणतात, "काही झालं नसतं. उगाच पोरीने सणाला गालबोट लावलं." माझ्या लग्नाची दोन स्थळं यावरून फिरली असं मला मागाहून कळलं. एका होणाऱ्या सासूबाईंनी तर विचारलं म्हणे, आमच्याकडचेही दिवे विझवणार का. कदाचित खरंच काही झालं नसतं. मी शास्त्रज्ञ नाही, एक पान वाचलेली मुलगी होते. कदाचित नुसतं फट्ट झालं असतं, नळीत झालं तसं. पण ते पक्कं कळायचं असेल तर त्यासाठी काकूचा चेहरा वापरावा लागला असता. तो मी वापरू दिला नाही. आता यावर ज्याला जे म्हणायचं असेल ते म्हणावं.

मागच्या महिन्यात डहाणूला एका लग्नात मी अशीच कोपऱ्यात बसले होते. पलीकडे दोन बायका बोलत होत्या, दसरा, दिवा, ते सगळं. काकू हातातला पंखा हलवत माझ्या शेजारी येऊन टेकली. आता तिचे केस कानांपाशी पांढरे झाले आहेत.

"सांगतायत का?" तिने विचारलं.

"हो."

"सांगू देत." मग तिने पंखा मांडीवर ठेवला आणि चेहरा माझ्यासमोर, अगदी जवळ आणला. "घामाने कुंकू फिसकटलंय का बघ गं."

मी रुमालाच्या टोकाने तिच्या दोन भुवयांच्या मधलं कुंकू सरळ केलं.